डोकरीचं वय

हेमलता खैरनार यांनी तीस वर्षांच्या नोकरीत एकच मोठी चूक केली. त्यांनी सरासरी काढली. सरासरी काढणं हा काही गुन्हा नव्हे. सरकार काढतं, शाळामास्तर काढतात, क्रिकेटचे शौकीन तर जेवताजेवता काढतात. पण हेमलताबाईंच्या सरासरीवर भूजल मंडळाचा शिक्का बसला, शिक्क्यामागोमाग चौदा किलोमीटर लांबीचे पाइप आले, आणि त्या पाइपांचं तोंड एका गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाऊन बसणार होतं. चूक लक्षात आली तेव्हा पंप सुरू व्हायला अकरा दिवस उरले होते.

बाई मूळच्या सटाण्याच्या, वय चोपन्न, पुण्यातल्या एका संस्थेत भूजलशास्त्रज्ञ. कठीण खडकातलं पाणी हा त्यांचा विषय आणि शिस्त हा स्वभाव. समास आखल्याशिवाय त्यांना वहीत लिहिता येत नसे, आणि दुसऱ्याने न आखता लिहिलेलं त्यांना वाचवत नसे. अशा माणसाच्या हातून चूक होते तेव्हा ती नीटनेटकी, टापटिपीची होते. म्हणून तर ती कोणाला दिसत नाही.

गावाचं नाव रातडी. मारवाडात वाळूचे ढिगारे संपून तांबड्या दगडाचे बोडके डोंगर सुरू होतात, तिथलं एकशे चाळीस घरांचं गाव. पाऊस आला तर वर्षाचे दहाबारा दिवस, नाही आला तर तेवढेही नाहीत. प्रत्येक अंगणात जमिनीखाली चुन्याने लिंपलेला गोल टांका, म्हणजे आपल्या गडांवर असतं तसलं टाकं, फक्त झाकण घातलेलं. पावसाचं पाणी अंगणावरून वाहत त्यात उतरतं आणि घर त्यावर वर्ष काढतं. टांका कोरडा पडला की मगच डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीकडे जायचं. या विहिरीचं नाव डोकरी, म्हणजे म्हातारी. टांक्यात घोटभर पाणी असेतो डोकरीला कोणी हात लावायचा नाही, हा रिवाज. तिथलं बारकं पोरसुद्धा तो मोडत नाही, आणि डोकरी आजवर एकाही दुष्काळात आटलेली नाही.

जमिनीखाली पाण्याची नदी वाहते किंवा तळं साचलेलं असतं, अशी आपली एक गोड समजूत असते. रातडीच्या डोंगरात यातलं काही नाही. तिथे आहे तो घट्ट, अंगात पाण्याचा थेंबही न मुरवणारा दगड. मात्र जुन्या बशीला केसासारख्या चिरा पडतात आणि त्यांतून चहा झिरपतो, तशा या दगडालाही खोलवर भेगा आहेत. पाणी राहतं ते या भेगांत. कुठली भेग कुठे जाते, कोणती कोणाला मिळते, कोणती मध्येच बंद होते, हे वरून कळत नाही. एका ठिकाणी तीनशे फूट खणून धूळ निघते आणि वीस पावलांवर नव्वद फुटांत पाणी लागतं. अशा खडकातलं पाणी किती दिवस पुरेल हे सांगायचं, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. हे पाणी आत कधी गेलं?

या प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र हेमलताबाईंच्या घरातच तयार झालं होतं. त्यांचे पती विद्याधर हे भौतिकीचे. त्यांनी अकरा वर्षं खपून वयमाप बनवला. त्यामागची कल्पना अशी. पावसाचा थेंब खाली येताना हवेतले वायू स्वतःत विरघळवून घेतो. त्यांत किंचितसा क्रिप्टॉन असतो. हा वायू मोठा अलिप्त, कशाशी संयोग पावत नाही, कशात अडकत नाही, पाण्याबरोबर निमूट जमिनीत जातो. त्यातले काही अणू आपोआप विझत असतात. एक जात इतकी सावकाश विझते, की निम्मी व्हायला सव्वादोन लाख वर्षं लागतात. ती किती उरली हे मोजलं की फार जुन्या पाण्याचं वय कळतं. दुसरी जात माणसाने जन्माला घातली. अणुभट्ट्यांचं इंधन हाताळायला लागल्यापासून, म्हणजे गेल्या शंभरएक वर्षांत, ती हवेत आली. ती ज्या पाण्यात सापडेल त्या पाण्याने अलीकडेच आभाळ पाहिलेलं असतं, एवढं नक्की. हे अणू इतके विरळ की अब्जावधींतून एखादा वेचायचा. वयमापातला लेसर नेमक्या त्याच अणूला क्षणभर धरून ठेवतो, तो अणू चमकतो, आणि यंत्र एक आकडा पुढे जातं. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा आणि आठवडे लागत. विद्याधररावांच्या लोखंडी कपाटाएवढ्या यंत्राला दोन बादल्या पाणी आणि चाळीस मिनिटं पुरत.

तीन वर्षांपूर्वी, २०४० च्या भाद्रपदात, हे यंत्र पहिल्यांदा रातडीला आलं. पाऊस बरा झाला होता, टांके भरलेले होते. डोकरीपासून थोड्या अंतरावर भेगेत उतरणारी एक कूपनलिका पाडली, हवा लागू नये म्हणून बंदिस्त केली आणि पंधरा दिवस दर तासाला नमुना घेतला. पाण्याचं वय निघालं एक लाख दहा हजार वर्षं. हेमलताबाईंनी तो आकडा पाहिला आणि त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. माणूस शेतीही करत नव्हता तेव्हाचा पाऊस इथे लोक दुष्काळात पितात, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

गावात त्यांच्या पाहुणचाराची जबाबदारी सुगनीबाईंनी उचलली होती. सत्तरीच्या, काटक, तोंडाने फटकळ. नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानापायी चौदा वर्षं भोसरीला राहून आलेल्या, त्यामुळे मराठी बोलायच्या आणि ती बोलायची संधी सोडायच्या नाहीत. त्यांना हेमलताबाईंनी मोठ्या उत्साहाने पाण्याचं वय सांगितलं. सुगनीबाईंनी बाजरीची भाकरी थापणं थांबवलं नाही. म्हणाल्या, म्हातारी आहे म्हणून तर तिला डोकरी म्हणतात, यात यंत्राला विचारायचं काय होतं.

पण यंत्राने आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या प्राचीन पाण्यात आठ टक्के पाणी ताजं होतं, त्याच पावसाळ्यातलं. याचा अर्थ हेमलताबाईंच्या लेखी एकच होता. डोंगर पाऊस पितो आहे, भेगा उघड्या आहेत, उपसलं तर पाणी परत येतं. त्यांनी तसा अहवाल लिहिला. त्याच सुमारास पलीकडच्या माळावर सौरऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प उभा राहत होता. सात हजार माणसांच्या वसाहतीला आणि काचा धुवायला रोज चार लाख लिटर पाणी हवं होतं. मंडळाने अहवाल वाचला आणि परवानगी दिली. वाळवंटातल्या खडकात ताजं पाणी सापडलं म्हणून हेमलताबाईंचं नाव झालं, आणि वयमाप देशभरच्या पाहणीसाठी निवडला गेला. त्या पाहणीच्या प्रमुखही त्याच होणार होत्या.

आता एक बारीकशी गोष्ट. ते आठ टक्के स्थिर नव्हते. सकाळी दोन, संध्याकाळी चौदा, पुन्हा सकाळी दोन. हेमलताबाईंना ते दिसलं होतं. दिवसा यंत्र तापतं त्यामुळे असेल, असं त्या म्हणाल्या. यंत्र तापल्याने एवढा फरक पडत नाही, असं विद्याधरराव म्हणाले. मग चंद्राच्या ओढीने खडक आकसत-पसरत असेल, असं हेमलताबाईंनी ठरवलं आणि पंधरा दिवसांची सरासरी काढून, समासाच्या आत, आठ हा आकडा लिहिला.

तीन वर्षांनी चैत्रात त्या पुन्हा रातडीला आल्या त्या निव्वळ उपचार म्हणून. पंप सुरू होण्याआधीची पाण्याची स्थिती नोंदवायची, सही करायची आणि परतायचं. नमुना घेतला. ताजं पाणी शून्य. दुसरा घेतला, शून्य. दोन दिवस घेत राहिल्या, यंत्र शून्याच्या पुढे सरकेना. यंत्र बिघडलं म्हणावं, तर सुगनीबाईंच्या टांक्यातलं पाणी घालून पाहिलं तेव्हा त्याने चोख शंभर टक्के ताजं दाखवलं. आदला पावसाळा कोरडा गेला होता हे खरं, पण त्याआधीचे दोन बरे होते. डोंगर पाऊस पीत असेल तर त्यांचा मागमूस राहायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या आणि सरासरी बाजूला ठेवून तासागणिक आलेख काढला. पंधराच्या पंधरा दिवस एकच चढ होता. दुपारी चारपर्यंत आकडा दोनाशी, मग चढू लागायचा, साडेपाच-सहाला शिखर, पहाटेपर्यंत उतार. एकही दिवस चुकला नव्हता. पाऊस घड्याळ लावून डोंगरात शिरत नाही. असं वक्तशीर काम जगात फक्त माणूस करतो, आणि त्यातही बायका जास्त करतात, हे हेमलताबाईंना स्वतःवरून ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी रोज डोंगरावरून त्या भेगेत पाणी घालत होतं.

भर दुपारी छत्री घेऊन त्या डोंगर चढल्या. कूपनलिकेपासून चारशे पावलांवर एक सपाट कातळ होता. त्यावर एक शिळा झाकणासारखी ठेवलेली होती, आणि तिच्याभोवती दगडातच वाटीएवढ्या खळग्या पडलेल्या होत्या, गुळगुळीत, एका ओळीत. घडा टेकवायला लागते तेवढ्या मापाच्या. त्या दगडावर लोखंडाची छिन्नी बोथट होते. घड्याच्या बुडाने तिथे खळगी पडायला किती पिढ्या लागल्या असतील याचा त्या अंदाज करत राहिल्या. शिळा थोडी सरकवली तर खाली तोंड होतं, हात जाईल एवढं, काळंभोर, आणि आतून गार हवा येत होती.

सुगनीबाई मागून कधी आल्या ते कळलं नाही. ऊन लागेल, खाली चला, म्हणाल्या. हेमलताबाईंनी सरळ विचारलं, की भादव्यात, टांके भरलेले असताना, दुपारच्या वेळी इथे कोण येतं? सुगनीबाई शेळ्यांबद्दल बोलू लागल्या. पुन्हा विचारलं तर बाजरीच्या भावावर आल्या. आमच्या माणसांनी तेव्हा काही पाहिलं कसं नाही, असं हेमलताबाई पुटपुटल्या, आणि उत्तर त्यांचं त्यांनाच सुचलं. त्या पंधरा दिवसांत अख्खी तुकडी दुपारी बारा ते तीन तंबूत घोरत होती. गावातले पुरुषही त्या वेळी घराबाहेर पडत नसत. उन्हामुळे, असं त्यांना वाटलं होतं.

मग हेमलताबाईंनी आपल्या स्वभावाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट केली. सुगनीबाईंना आपली चूक सांगितली. आठ टक्के, अहवाल, पाइप, रोजचे चार लाख लिटर. पाणी परत येत नसेल तर सहा वर्षांत डोकरी संपेल, आणि एकदा संपली की पुढच्या लाख वर्षांत तरी भरणार नाही.

सुगनीबाई आधी हसल्या. "तुम्हाला आमची डोकरी जवान वाटली?" हसता हसता, हे आपल्याच हातून झालं, असं त्यांना उमगलं आणि त्या शिळेवरच बसल्या. तांबड्या दगडावरची धूळ बोटाने गोळा करू लागल्या.

"सासूनं मला काय सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "सोबत नेलं, बस. मीपण सुनांना नेते. जे तोंडातनं निघालं ते पोचत नाय, बाईसा. म्हणून मी बोलणार नाय. तुम्ही समजायचं ते समजा."

हेमलताबाई समजल्या होत्या. एकशे चाळीस घरं, घरटी रोज एक घडा, पंधरा दिवस. आभाळाने भरभरून दिलेल्या वर्षी त्यातलं थोडं म्हातारीला पाजायचं, कोणी पाहत नाही अशा वेळी, आणि त्याची वाच्यता करायची नाही, केली तर ते तिला पोचत नाही. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. चौदा लिटरचा घडा धरला तर दिवसाला दोन हजार लिटर. कूपनलिकेतून तेव्हा चाचणीसाठी दिवसाला चोवीस हजार लिटर उपसलं जात होतं. आठ टक्के. आकडा असा नेमका जुळला की त्यांना वाटलं यंत्राच्या पाया पडावं, आणि त्याहून आधी या बाईच्या.

पण मंडळ गुणाकारावर विश्वास ठेवणार नव्हतं, आणि हा पुरावा तर कोणी तोंडाने सांगणार नव्हतं. हेमलताबाईंनी तसं बोलून दाखवलं. सुगनीबाई उठल्या, ओढणी झटकली.

"बोलायचं नाय असं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "दाखवायचं नाय असं कोणी सांगितलेलं नाय."

हेमलताबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. टांक्यात वीतभरच पाणी उरलं आहे हे त्यांनी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. एक घडा म्हणजे एका घराचं दोन दिवसांचं पिणं. त्या घाईने म्हणाल्या, की नको, तुम्ही असलं काही करू नका, मी दुसरा मार्ग काढते. सुगनीबाई डोंगर उतरून गेल्या.

दुसरा मार्ग होता, आणि तो फार सोपा होता. संस्थेतल्या हितचिंतकांनी फोनवर तोच सुचवला. लिहून टाका की यंत्र तेव्हा पहिल्या अवस्थेत होतं, नव्या मोजमापात आकडा सुधारला. कोणाची मान अडकणार नाही, मंडळ फेरतपासणी करील, बाईंचं नावही राहील. हेमलताबाईंनी विद्याधररावांना फोन केला. हे ऐकून ते चिडतील असं त्यांना वाटलं होतं. ते चिडले नाहीत, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"यंत्र खोटं बोललं नाही, हेमा," ते म्हणाले. "त्याने आठ सांगितले, ते आठच होते. ते आठ आले कुठून, हे विचारायचं काम तुझं होतं."

हेमलताबाईंनी फोन ठेवून दिला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याचं म्हणणं बरोबर असण्याची सवय त्यांना अजून लागली नव्हती. दिवसभर त्या धुमसत होत्या. यंत्रावर ढकललं असतं तर विद्याधररावांचं अकरा वर्षांचं काम मातीत गेलं असतं हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं, आणि तरी क्षणभर मोह झाला होता, हे त्या स्वतःपासून लपवू शकल्या नाहीत. संध्याकाळी समास आखून त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. यंत्र निर्दोष आहे, निरीक्षणही निर्दोष आहे, निष्कर्ष माझा होता आणि तो चुकीचा होता. परवानगी रद्द करावी.

मंडळाचे अध्यक्ष माथुरसाहेब यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज कोरडा. एका पत्रावर काम थांबत नाही, ते म्हणाले. पंप सुरू व्हायच्या दिवशी मी तिथे येणारच आहे. दाखवायचं असेल ते तिथे दाखवा, संध्याकाळपर्यंत. नाही दाखवता आलं तर त्याच संध्याकाळी कळ दाबली जाईल.

उरलेले दिवस हेमलताबाईंनी वाईट काढले. बाहेरचं पाणी टँकरने आणून कातळावरच्या तोंडात स्वतःच ओतावं असा विचार त्यांनी केला, पण मग मंडळाने म्हटलं असतं, की तुम्ही ओतलंत म्हणून आलं, गावाने ओतलं होतं कशावरून? सुगनीबाईंकडे पुन्हा विषय काढायचा त्यांना धीर झाला नाही, आणि त्यांनीही काढला नाही. रोज भाकरी मात्र येत होती. पंप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक जीप आली, तीतून विद्याधरराव उतरले. हातात लेसरचा सुटा भाग आणि चिवड्याचा डबा. दोघांनी एकमेकांची चौकशी केली नाही. ते थेट यंत्राकडे गेले आणि झाकण उघडून बसले. थोड्या वेळाने हेमलताबाईंनी त्यांच्या शेजारी चहा नेऊन ठेवला.

पंपाच्या दिवशी कूपनलिकेजवळ मांडव घातला होता. माथुरसाहेब, दोन अभियंते, प्रकल्पाचा एक व्यवस्थापक आणि बाटलीबंद पाण्याची खोकी. माथुरसाहेब तरुणपणी स्वतः विंधणयंत्रावर काम केलेले, हाताचे घट्टे अजून गेले नव्हते. त्यांनी सकाळचे तीन नमुने आपल्या डोळ्यांदेखत घ्यायला लावले. विद्याधररावांनी तिन्ही वेळा आकडा वाचला. शून्य, शून्य, शून्य. मग आता काय, असं माथुरसाहेबांनी विचारलं. हेमलताबाई डोंगराच्या पायवाटेकडे पाहत होत्या.

बरोबर बाराला गावातले पुरुष घरात गेले आणि दारं लागली. मग गल्लीतून बायका निघाल्या. डोक्यावर घडे, घड्यांवर ओला फडका, आणि तोंडातून अक्षर नाही. पुढे सुगनीबाई. ओळ मांडवावरून गेली तेव्हा व्यवस्थापकाने एकीला हे काय चाललं आहे म्हणून विचारलं. ती थांबली नाही. हेमलताबाई पटकन मध्ये गेल्या आणि म्हणाल्या, की कृपा करून त्यांना काही विचारू नका, विचारायचं ते सगळं मला विचारा.

माथुरसाहेब उठले आणि ओळीच्या मागोमाग डोंगर चढले. सुगनीबाईंनी शिळा सरकवली, घडा खळगीत टेकवला, मग उचलून सावकाश आत रिता केला. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. त्यांच्यामागे दुसरी, तिसरी. पाणी खाली जाताना आधी आवाज येत होता, मग येईनासा झाला. हेमलताबाई मोजत होत्या. एकशे अडतीस घडे. दोन घरांचे टांके आठवड्यापूर्वीच कोरडे पडले होते. त्या दोघीही ओळीत आल्या होत्या. त्यांनी आपले रिकामे घडे शिळेखालच्या तोंडाशी टेकवले, वाकवले आणि मागे घेतले. तिथे मात्र हेमलताबाईंची मोजणी चुकली, कारण डोळ्यांना दिसेनासं झालं.

खाली आल्यावर वाट पाहणं सुरू झालं. दर चाळीस मिनिटांनी विद्याधरराव आकडा वाचत. शून्य. व्यवस्थापकाने दोनदा घड्याळ दाखवलं. विद्याधररावांनी त्याला चिवडा देऊ केला. पावणेचारला शून्य. माथुरसाहेबांनी हेमलताबाईंकडे जुन्या नोंदी मागितल्या, आणि त्या गुडघ्यावर घेऊन तासागणिकचा आलेख ते पेन्सिलीने शांतपणे तपासत राहिले. हेमलताबाईंच्या मनात नाही नाही ते येत होतं. तीन वर्षांत भेग गाळाने बुजली असेल तर? एवढं पाणी गावाने ओतलं आणि ते खडकात भलतीकडेच गेलं असेल तर?

साडेचारला विद्याधरराव म्हणाले, "दीड." मग पाच वाजून दहा मिनिटांनी, "सहा." अभियंते खुर्च्या सरकवून यंत्रापाशी आले. पावणेसहाच्या सुमाराला विद्याधररावांनी आकडा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"चौदा."

माथुरसाहेबांनी पेन्सिलीचं टोक आलेखावरच्या शिखरावर ठेवलं. तिथेही चौदाच होते. मग त्यांनी डोंगराकडे पाहिलं. लाख वर्षांच्या पाण्यात एका गावाने आपल्या घड्यांनी काय घातलं, ते हे यंत्र ओळखत होतं, पण ते कोणी घातलं हे जगाला ठाऊक नव्हतं. त्यांनी हेमलताबाईंना विचारलं, की एकूण पाणी किती झालं? दोन हजार लिटरला थोडं कमी, त्या म्हणाल्या.

"सगळं गाव मिळून दोन हजार," माथुरसाहेब म्हणाले. "आणि मी रोजच्या चार लाखांवर सही केली होती."

त्यांनी तिथेच, मांडवातल्या टेबलावर, हाताने आदेश लिहिला. रातडीच्या डोंगरातून उपसा नाही. वसाहतीसाठी पाइप उलट्या दिशेने, माळापलीकडच्या कालव्याकडे न्यावेत, कितीही लांब पडले तरी. व्यवस्थापक काही बोलायला गेला, पण माथुरसाहेबांनी लिहिणं थांबवलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी हेमलताबाईंना बाजूला घेतलं. देशभरची पाहणी होईल आणि ती याच यंत्राने होईल, ते म्हणाले. पण तिची प्रमुख तुम्हाला करता येणार नाही, हे तुम्हीही समजाल. विद्याधरराव पुढे सरसावले. हेमलताबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवून त्यांना थांबवलं आणि माथुरसाहेबांना म्हणाल्या, की बरोबर आहे. त्यांना वाईट वाटलं. फार वाटलं. तरीही गेल्या अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

गाड्या गेल्यावर सुगनीबाईंनी दोघांना चहाला बोलावलं. नवराबायको अंगणात बाजेवर बसली. सुगनीबाईंनी टांक्याचं झाकण काढून बादली सोडली. बादली खाली पोचली आणि दगडावर खणकन आपटली. त्यांनी ती आडवी करून, दोर हलवत हलवत, तळाचं पाणी गोळा केलं. तीन पेल्यांपुरतं निघालं. ते त्यांनी फडक्याने गाळून भांड्यात भरलं आणि चुलीवर ठेवलं.

हेमलताबाई उठून उभ्या राहिल्या. चहा नको, म्हणाल्या. हे पाणी आमच्या घशाखाली उतरायचं नाही. तुम्ही सगळं देऊन टाकलंत आणि आम्ही बसून चहा प्यायचा?

सुगनीबाईंनी चुलीत काटकी सारली. पेले पुसून समोर मांडले.

"बसा, बाईसा," त्या म्हणाल्या. "टांका संपला, ते बरंच झालं. उद्या सकाळी घडा घेऊन डोकरीकडे जाणार. ती आहे ना."

हेमलताबाई बसल्या. चहा आला. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याल्या.